आमचं कोलशेत, त्यांचं रूबे

माझ्याकडे सायकल नाही आणि ती घ्यायचा विचारही नाही. पण सायकल शर्यतीचा फोटोग्राफर व्हायला माझ्याइतका लायक माणूस नाही, असं माझं ठाम मत आहे.

याला जबाबदार पॅरिस-रूबे. उत्तर फ्रान्समधली ही शर्यत १८९६ पासूनची. अडीचशेहून अधिक किलोमीटरचं अंतर, त्यातले पन्नासेक किलोमीटर शेतांमधल्या दगडी फरसबंदीवरून. पाऊस पडला तर चिखल, नाही पडला तर धूळ. फोटोग्राफर मोटारसायकलवर मागे बसतो, एका टप्प्यावर उतरून फोटो काढतो आणि आडवाटांनी शर्यतीच्या आधी पुढचा टप्पा गाठतो. म्हणजे लागतं काय? दणके सोसणारा कणा, गल्लीबोळांचं ज्ञान आणि थोडा आगाऊपणा. सकाळी नऊला ढोकाळीतून घुसून, कापूरबावडीला बगल देऊन ठाणे स्टेशन गाठणाऱ्या कोलशेतकराला हे कोण शिकवणार?

फ्रान्स लांब पडतं, म्हणून जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर गाठली. ४३७ किलोमीटर, देशोदेशीचे संघ. भाड्याने आणलेली लेन्स दुधी भोपळ्याएवढी होती. ती बघून हवालदाराने अदबीने विचारलं, "साहेब, मीडिया का?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, मान अशी काही हलवली की त्याने मला पुढे उभं केलं. तासभर मी आजूबाजूच्या मोबाइलवाल्यांकडे दयेने बघत होतो. मग सर्रकन काहीतरी रंगीत गेलं. घरी येऊन बघितलं तर सायकलींचा नुसता फराटा, आणि मागे हवालदार मात्र शिट्टीसकट लख्ख. बायको म्हणाली, "हवालदार छान आलेत हो."

दोष रस्त्याचा. शर्यतीसाठी तो इतका गुळगुळीत केला होता की कोणी रेंगाळेचना. दगड हवेत, दगड! आणि ते कोलशेतला आहेत.

आता पेव्हर ब्लॉकबद्दल बोलू द्या. या विषयावर घरात मला बंदी आहे. ब्लॉक सिमेंटने चिकटवत नाहीत, रेतीच्या थरावर मांडतात. एकमेकांत अडकून बसावेत म्हणून कडा नागमोडी. कडेचा बांध सुटला की पावसात खालची रेती निघून जाते; एक ब्लॉक खचतो, शेजारचा डोकं वर काढतो. त्यातला एखादा वरून साधाभोळा दिसतो, पाय पडला की करंगळीएवढ्या फटीतून गढूळ पिचकारी थेट गुडघ्यापर्यंत उडवतो, तीही इस्त्रीच्याच पँटवर. कोलशेतच्या खाडीतून उपसलेल्या रेतीवर कितीतरी इमारती उभ्या राहिल्या. आमच्याच ब्लॉकखाली तेवढी ती ठरत नाही.

रूबेला दगडांची केवढी मिजास! आरेनबर्गच्या जंगलातला टप्पा १९६८ मध्ये शर्यतीत आला तो ज्याँ स्ताब्लिन्स्की यांनी सुचवला म्हणून. सायकलपटू होण्याआधी ते तिथेच जमिनीखाली खाणीत राबत. निखळलेले दगड पुन्हा बसवायला हौशी मंडळींची संस्था आहे. विजेत्याला बक्षीसही फरसबंदीचा एक दगडच. आमच्याकडे तो रस्त्यात कुणालाही मिळतो, जिंकायची अटही नाही.

विनोद इथपर्यंत ठीक. शेजारच्या काकू गेल्या पावसाळ्यात अशाच एका ब्लॉकवरून पडल्या, मनगट मोडलं. तेव्हापासून आई संध्याकाळी बाहेर पडत नाही. "हल्ली कंटाळा येतो रे," म्हणते. कंटाळा कसला? भाजीला निघाली की चपलेच्या टोकाने ब्लॉक चाचपून मगच पाऊल टाकते. वाटेत कोणी हाक मारली तर मान वर न करताच "बरी आहे" म्हणते. सगळ्या कोलशेतची खबर ठेवणारी ही बाई आता फक्त जमीन बघते. याचा मला संताप येतो, आणि तो कुठे नेऊन घालावा ते कळत नाही.

म्हणून जाहीर विनंती: पुढची शर्यत कोलशेतवरून न्या. पाहुणे येणार म्हटलं की रस्ते होतात, हे पुण्याने सिद्ध केलंच आहे. रस्ता झाला तर आई फिरायला जाईल. नाही झाला तर फुकटात पॅरिस-रूबे. फोटो मी काढतो. हवालदार तेवढा देखणा पाठवा.