श्री. पाथ यांस अनावृत पत्र

श्री. पाथ यांस,
स. न. वि. वि.

विंडोजमध्ये 'सिस्टिम प्रॉपर्टीज', मग 'ॲडव्हान्स्ड', मग 'एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स' इतकी दारं ओलांडली की आपलं दर्शन घडतं. एवढ्या आडोशाला बसून अख्ख्या संगणकाचा कारभार हाकता, याबद्दल आधी अभिनंदन.

आपली ओळख नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. आपण म्हणजे फोल्डरांची एक यादी, बाकी काही नाही. कुणी काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टवर) 'पायथन' या प्रोग्रामिंग भाषेचं नाव टाइप करून एंटर मारलं की संगणक ही यादी सुरुवातीपासून वाचत जातो आणि त्या नावाची फाइल जिथे पहिल्यांदा दिसेल तीच चालवतो. पुढे आणखी तीन पायथन ताटकळत असले तरी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. सोसायटीच्या वॉचमनला 'कुलकर्णी कुठे राहतात?' असं विचारावं आणि त्याने 'कुठले कुलकर्णी?' एवढंही न विचारता पहिल्या मजल्याकडे बोट दाखवावं, तसा आपला खाक्या. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आपण होतात, आजही आहात. निवृत्तीचं वय आपल्याला लागू नसावं.

आता आपल्या एका पराक्रमाकडे वळू. एखाद्या शिक्षिकेला वर्गाच्या निकालाच्या एक्सेल फायली एकत्र करायच्या असतात. कुणीतरी सांगतं, 'पायथनचं पांडाज पॅकेज टाका, दोन मिनिटांचं काम आहे.' बाई काळ्या खिडकीत 'पिप इन्स्टॉल पांडाज' लिहितात; पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस आणून बसवणारा गडी. भराभर ओळी धावतात आणि शेवटी उमटतं 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड'. बाई खूश. मग त्या पायथन उघडून 'इम्पोर्ट पांडाज' म्हणतात आणि उत्तर येतं, 'नो मॉड्यूल नेम्ड पांडाज'.

यात खोटं कुणीच बोललेलं नाही, हीच आपली करामत. आपल्या यादीत पहिला सापडलेला पिप पायथन ३.११ च्या घरचा आणि पहिला सापडलेला पायथन मात्र ३.१३. पांडाज बसलं ते एकाच्या घरात, शोधलं गेलं दुसऱ्याच्या. बाई पांडाजला दोष देतात, पिपला देतात, शेवटी स्वतःला देतात. आपलं नाव कुठेही येत नाही. पिप कधीतरी पिवळ्या अक्षरांत 'अमुक फोल्डर पाथवर नाही' असं कुरकुरतो, पण पिवळी अक्षरं वाचणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आपली खरी चैन झाली ती डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं तेव्हा. ते जुन्या पायथन २ शी जुळणारं नव्हतं आणि जुन्याचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला. मधली अकरा वर्षं दोघं एकाच संगणकावर नांदले. मॅकवर तर २०२२ च्या १२.३ आवृत्तीपर्यंत २.७ मुक्काम ठोकून होतं. 'पायथन' म्हणजे नेमकं कोण, हे ठरवणारे आपणच.

विंडोजवरही आपली बडदास्त उत्तम. पायथनच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच खिडकीत अगदी तळाशी 'ॲड टू पाथ' असा चौकोन असतो आणि तो रिकामा येतो. सगळ्यात मोठं, ठळक बटण त्याच्या वर. अर्थात माणूस तेच दाबतो. आणि पायथन बसवलेलंच नसेल तर? 'पायथन' टाइप केल्यावर थेट ॲपच्या दुकानाचं पान उघडतं, कारण तिथे नेणारी एक तोतया फाइल आपल्या यादीत आधीच बसवलेली असते.

आवृत्त्या आणि पॅकेजेसच्या या गोंधळावर उपाय म्हणून २०१२ मध्ये पायथन ३.३ सोबत 'व्हेन्व्ह' आलं. प्रत्येक कामाला वेगळं फोल्डर, त्यात त्याची वेगळी पॅकेजेस. छान. पण ते 'ॲक्टिव्हेट' करायचं म्हणजे काय, तर त्याचं फोल्डर आपल्या यादीत सगळ्यांच्या पुढे घुसवायचं. आपल्यापासून सुटका हवी तर वशिलाही आपल्याकडेच लावायचा! खिडकी बंद केली की तो वशिला संपला. त्यात विंडोजचा पॉवरशेल सांगतो, 'या संगणकावर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे.'

डेबियन लिनक्सवाले मात्र खमके निघाले. २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून त्यांनी सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट काही बसवायलाच मनाई केली, कारण संगणकाची स्वतःची कामंही त्याच पायथनवर चालतात. तरीही कुणाला हट्टच असेल तर 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असं लिहून द्यावं लागतं. इतकं स्पष्ट नाव असूनही लोक ते बिनधास्त लिहितात, हे आपल्या शिष्यांनाच शोभतं.

आपल्याला सुधारण्याची आशा मी सोडली आहे. यादी दुरुस्त केली तरी आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनीच यादी कवटाळून बसते. आपण मात्र निर्दोष.

कळावे. लोभ आटोक्यात असावा.

आपला,
एक पायथनग्रस्त

ता. क. हे वाचकांसाठी. इन्स्टॉलरमधल्या त्या रिकाम्या चौकोनात आधी खूण करा, मग बटण दाबा. काळी खिडकी उघडी असेल तर बंद करून पुन्हा उघडा. आणि पिपला परस्पर हाक न मारता 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल' असं लिहा. म्हणजे जो पायथन चालणार आहे, त्याच्याच घरात पॅकेज जाईल.