पिशवीचे निराळे

झाशीच्या प्रेम नगरातल्या गिऱ्हाइकाला छुप्या आकारांचे नवल वाटू नये. गावाला त्याचा जुना सराव आहे. १८५४ मध्ये कंपनी सरकारने संस्थान खालसा केले, राणीला वर्षाला ६०,००० रुपयांचे पेन्शन देऊ केले आणि मागाहून दिवंगत राजांचे कर्ज त्यातूनच वळते करायचे काढले. आजचा दुकानदार संस्थान घेत नाही, एवढीच सुधारणा. बिल होईपर्यंत तो गोड बोलतो. मग पिशवीचे निराळे. पिशवी फुकट येत नाही, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. पण दिवे-पंखेही फुकट येत नाहीत. ते बिलात कुठे दिसतात? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले, की आधी कल्पना न देता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे भांडण पैशांचे नाही, वेळेचे आहे: आधी सांगितली ती किंमत, नंतर सांगितली ती खोड. अनामतीचेही तेच: घेताना ‘परत मिळेल’ हे तोंडी, परत करताना नियम छापील.

‘दहा रुपयांसाठी कोण भांडतो?’ असेही विचारतात. या प्रश्नावरच तर धंदा चालतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. न्याय अगदी फुकट. हेलपाटे तेवढे निराळे.