सापडला का फॉल्ट, भाऊ?

असा एक भाऊ प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असतोच. यवतमाळात शोधले तर दोन-तीन निघतील. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, धंदा कृषी केंद्राचा, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर आणि अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली लाल रंगाची, दोन दारांची, दोनच माणसांची जुनी गाडी. ही गाडी सहसा कुठे जात नाही. मात्र तिच्यामुळे अर्धं गाव भाऊंकडे येतं.

भाऊंच्या डोक्यात हे खूळ १९९८ च्या सुमाराला शिरलं. सॅन स्टॉर्म नावाची, उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी तेव्हा आपल्याच देशात निघाली. इंजिन रेनॉचं, १,१४९ सीसीचं, ताकद जेमतेम ६० अश्वशक्तीची. पण फायबरचं ते अंग बघून भाऊंनी मासिकातलं चित्र कापलं आणि दुकानाच्या गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवलं. त्या वेळी गल्ल्यात चित्राखेरीज फारसं काही नसायचं. पुढे पैसे आले, तोवर तसल्या नव्या गाड्या मिळेनाशा झाल्या होत्या. मग त्याच धाटणीची, फायबरच्याच अंगाची, तीन मालकांच्या हातून गेलेली एक गाडी पुण्यात सापडली. ‘किरकोळ वायरिंगचं काम आहे,’ असं विकणाऱ्याने जाता जाता सांगितलं. यवतमाळापर्यंत ती टेम्पोवर बसून आली आणि टेम्पो गल्लीत शिरेना म्हणून घरापर्यंत ट्रॅक्टरच्या टोचनाने. वहिनींनी ट्रॅक्टरलाही हळदकुंकू लावलं. चालत आलेलं वाहन तेवढंच होतं.

कायद्यानेही भाऊंची पंचाईत करून ठेवली आहे. गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणी पुन्हा करा, पर्यावरण कर भरा. ‘व्हिंटेज’ म्हणून मान हवा, तर २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षं पुरी पाहिजेत. भाऊंची गाडी पंचविशीच्या घरात. भंगारवाला टपलेला आणि सरकार ओळख द्यायला तयार नाही. ‘अर्धं तं झालं, अर्धंच राह्यलं,’ भाऊ म्हणतात. वहिनी तेव्हा देवघराकडे बघतात.

बॅटरी उतरणं हा गाडीचा मूळ आजार. बंद गाडीतही घड्याळ वगैरेंसाठी थोडा करंट जातोच. ५० मिलिअँपिअरपर्यंत गेला तर कुणी तक्रार करत नाही. इथे मीटर अर्धा अँपिअर दाखवतो. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची. भागाकार भाऊंना पाठ आहे: शनिवारी भरलेली बॅटरी बुधवारी सेल्फ मारला की नुसती ‘टक्’ म्हणते.

दर रविवारी, म्हणून, अंगणात फ्यूज काढण्याचा कार्यक्रम असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, मध्ये मीटर जोडायचा आणि एकेक फ्यूज उपसत जायचं. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या सर्किटमध्ये चोर. भाऊ डॅशबोर्डखाली डोकं घालून, पाय अंगणात सोडून ओरडतात, ‘पडला का आकडा?’ बाहेरून चार-पाच आवाज येतात, ‘नाही पडला.’ हे आवाज कायमच्या सभासदांचे. त्यांत वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आहेत. ‘अकरा केव्हीच्या लायनीवर काम केलं आमी. बारा व्होल्टात काय फॉल्ट पाहता!’ असं दर रविवारी सांगून ते चहा घेतात. एक गुरुजी आहेत. त्यांचं मत ‘बॅटरीच बदलून टाका’ असं आहे आणि मागच्या दोन बॅटऱ्या बदलल्यानंतरही ते टिकून आहे.

इथेच भाऊंचं वेगळेपण दिसतं. सगळं गाव बदला म्हणतं, भाऊ मोजा म्हणतात. आकडा हाती आल्याशिवाय ते स्क्रूला हात लावत नाहीत. एकदा संशय डिकीतल्या बल्बवर आला: झाकण लावल्यावर तो विझतो की नाही? आता डिकी बंद केल्यावर बघणार कोण? भाऊंचा कॉलेजात जाणारा भाचा अंगाने काडी. त्याला दुमडून आत बसवलं. झाकण लागलं. ‘बल्ब चालू हाय, मामा!’ अशी आरोळी आतून आली आणि अंगणात टाळ्या पडल्या. मग कळलं, डिकीचं कुलूप बाहेरून उघडत नाही. आर्णी रोडवरच्या गॅरेजातून चाचा येईपर्यंत भाचा आतून दर दोन मिनिटांनी कळवत होता, ‘अजून चालूच हाय.’ बल्ब काढला. आकडा थोडा उतरला, पण पुरता पडला नाही.

फायबरच्या अंगाची रग तर आणखी निराळी. पत्र्याच्या गाडीत बल्बला एक वायर पुरते. परतीचा करंट बॉडीतूनच बॅटरीकडे जातो. फायबरमधून तो जात नाही. म्हणून प्रत्येक दिव्याच्या परतीची वेगळी वायर चेसिसपर्यंत न्यावी लागते. तिचं टोक गंजलं की करंट शेजारच्या बल्बातून वाट काढतो. भाऊंनी ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटतो. दत्त चौकात त्यांनी असाच ब्रेक मारला. मागच्या ऑटोवाल्याने थांबून डावीकडे जागा करून दिली. भाऊंना सरळ जायचं होतं, पण माणसाने एवढी जागा दिली म्हणून ते वळले.

त्यातच मागच्या तीन मालकांनी मनाला येईल तसे जोड दिलेले. लाल वायर डॅशबोर्डखाली शिरते आणि काळी होऊन निघते. सगळ्यांत गूढ एक निळी वायर. ती कुठून येते ते भाऊंना ठाऊक आहे. कुठे जाते ते अजून कुणालाच नाही. उंदरांनी तिच्या दोन बहिणी कुरतडल्या, हिला दात लावला नाही. उंदरांसाठी भाऊ बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या ठेवतात. उंदीर कमी झाले की नाही सांगता येत नाही, पण रविवारच्या सभासदांत वाढ झाली आणि पुड्या सोमवारी नव्याने ठेवाव्या लागतात.

विजेचं झालं, आता गळती. रात्री गाडीखाली कालचा पेपर अंथरायचा आणि सकाळी डाग वाचायचे हा भाऊंचा नेम. ज्योतिषी पत्रिका मांडतो त्या गांभीर्याने ते पेपर उन्हात धरतात. काळपट तपकिरी आणि पुढच्या बाजूला, तर इंजिन ऑइल. हिरवा, गुळचट वासाचा, तर कुलंट. चाकाजवळ पिवळसर, तर ब्रेकचं. मग त्या दिवशी गाडी हलवायची नाही. नुसतं पाणी असेल तर एसीचं, म्हणजे आनंद, कारण एसी चालतो हे सिद्ध झालं. ‘आजचा पेपर नका टाकू, भविष्य वाचाचं हाय माह्यं,’ वहिनी आतून सांगतात.

ऑइल नेमकं कुठून येतं यासाठी पावडरचा प्रयोग. इंजिन डिझेलने पुसून कोरडं करायचं, वर अंगाला लावायची पावडर भुरभुरायची आणि पाच मिनिटं चालू ठेवायचं. पांढऱ्या थरावर जिथून काळी रेघ उगवेल तिथलं पॅकिंग गेलं. टॅपेट कव्हरचं गेलेलं निघालं. नवं पॅकिंग कुर्ल्याच्या भंगार बाजारातून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आलं. त्या दिवसापासून वहिनी पावडरचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवतात.

टपाची गळती शोधायची तर एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइप धरायचा. पाणी कापडाच्या शिवणीतून शिरतं, पण खांद्यावर पडेलच असं नाही. बीडिंगच्या आतून उतरून ते सीटखालच्या गालिच्यात मुरतं आणि आठवड्याने वासावरून कळतं. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळात पाण्याची भीषण टंचाई होती. त्या साली टप गळला नाही, हे भाऊ आजही अभिमानाने सांगतात.

चाचांचं निदान एका वाक्याचं आहे: ‘भाऊ, गाडी एक नंबर है, बस चलाव मत.’ भाऊ तरी चालवतात. मे महिन्यात वणीच्या रस्त्यावर सुई लालमध्ये गेली. जाळी उघडली तर कापसाच्या गाड्यांमधून उडालेला हंगामभराचा कापूस रेडिएटरवर गादीसारखा बसलेला. कुणीतरी म्हणालंच, ‘यापेक्षा आपली शकुंतला रेल्वे बरी होती.’ १९२१ सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन यवतमाळ-मूर्तिजापूरच्या त्या छोट्या रुळांवर १९९४ पर्यंत धावलं, ही गोष्ट भाऊंना मान्य आहे. त्यांचं उत्तर तयार असतं, ‘त्यात निळी वायर नव्हती.’

या सगळ्याची नोंद भाऊ एका जाड रजिस्टरमध्ये ठेवतात. तारीख, लक्षण, मीटरचा आकडा, काय केलं, काय नाही झालं. दुकानाची उधारी त्याच्या निम्म्यानेही नीट लिहिलेली नाही. बियाण्यांच्या हंगामात मृगाच्या गर्दीतही एखादा शेतकरी पाकीट हातात घेऊन विचारतो, ‘काऊन भाऊ, सापडला का फॉल्ट?’ आणि भाऊ मागची रांग विसरून त्याला अर्थिंग समजावतात. त्यांच्याच वयाचे जमीन घेणारे, निवडणुकीला उभे राहणारे गावात पुष्कळ आहेत. त्यांना कुणी थांबवून असं आपुलकीने विचारत नाही. फॉल्ट सापडला तर विचारायचं काय, ही चिंता गावालाही असावी.

शेवटी वहिनींनीच मन घट्ट केलं. भाचा हाताशी धरून, भाऊंना न सांगता, ‘गाडी विकणे आहे’ अशी जाहिरात दिली. नागपूरहून गिऱ्हाईक आलं. तेही पन्नाशीचं, खिशात टेस्टर, आणि आलं ते अगदी तसल्याच पिवळ्या गाडीतून. वहिनींच्या पोटात तेव्हाच गोळा आला. भाऊ चकित झाले, पण माणूस सरळ. गिऱ्हाइकाला अंधारात ठेवायचं नाही म्हणून त्यांनी आधी रजिस्टर पुढे ठेवलं. पाहुण्यांनी ते उभ्याउभ्याच चाळलं, मग खुर्ची मागितली, मग चष्मा काढला.

‘निळ्या वायरचं पान कोणतं?’ त्यांनी विचारलं.

भाऊंनी दाखवलं.

‘म्हणजे तुम्हालाही डॅशबोर्डच्या पुढे गेलेली दिसत नाही?’

किमतीची गोष्ट तिथेच संपली. दोन्ही बॉनेट उघडली, दोन मीटर लागले, काका अकरा केव्हीचं सांगून चहा प्याले. ताटं निवली. संध्याकाळी पाहुणे निघायला बसले आणि पिवळी गाडी ‘टक्’ म्हणाली. भाऊंनी अत्यंत सहानुभूतीने तिचा फ्यूज बॉक्स उघडला.

कुंपणापलीकडून शेजारीण विचारत होती, पाहुणे मुक्कामी आहेत का. वहिनींनी अंगणातल्या दोन्ही गाड्यांकडे बघितलं.

‘मी तं इकाची जाहिरात देल्ली होती वो बाई,’ त्या म्हणाल्या, ‘घ्याची नाही.’