दोन-तृतीयांश खापा समुद्रात

नागपूर जिल्ह्यातलं, सावनेर तालुक्यातलं खापा हे गाव कन्हान नदीच्या काठावर आहे. समुद्राच्या बाबतीत मात्र त्याची बाजू फार लंगडी. नागपूरहून मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर, त्याआधी खाप्याहून नागपूर गाठायचं ते वेगळंच. आणि पूर्वेचा बंगालचा उपसागरही काही संध्याकाळी चक्कर मारून येण्याच्या अंतरावर नाही. कन्हानची वाळू घरं बांधणाऱ्यांत नावाजलेली आहे, पण एप्रिल-मे महिन्यात त्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते, आणि मोठ्या जहाजाला तरंगायला नऊ मीटरांहून जास्त खोल पाणी लागतं. अशा गावाने जहाजांविषयी मत का द्यावं, असं एखादा मालवणचा किंवा हर्णैचा माणूस विचारील. माझं म्हणणं असं की, मत द्यावं तर अशाच गावाने द्यावं. ज्याने समुद्र रोज पाहिला आहे त्याचं मत शेवटी समुद्राविषयीच होतं. नुसत्या जहाजाचा विचार करायचा तर पाण्यापासून आठशे किलोमीटर लांब बसलेलं बरं.

तर जहाज असं. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज फिनलंडमधल्या तुर्कू इथे बांधलं गेलं आणि २७ जानेवारी २०२४ रोजी मायामीहून पहिल्या सफरीवर निघालं. लांबी ३६५ मीटर, मजले वीस, पोहण्याचे तलाव सात, पाण्याच्या घसरगुंड्या सहा. जहाज काठोकाठ भरलं तर ७,६०० प्रवासी, आणि त्यांची सरबराई करायला २,३५० कर्मचारी. बेरीज ९,९५०. खाप्याची वस्ती पंधरा हजारांच्या आतबाहेर. म्हणजे विणकर, किराणावाले, गुमगावच्या मॅंगनीज खाणीत कामाला जाणारे, मास्तर, निवडून आलेले आणि पडलेले असे सगळे नगरसेवक, दोन-चार लग्नांची वऱ्हाडं धरून दोन-तृतीयांश खापा एका जहाजात मावतो. कंपनीने या जहाजाचे आठ भाग पाडले आहेत आणि त्यांना ती चक्क मोहल्ले म्हणते. एका मोहल्ल्यात लेकुरवाळ्यांची सोय, दुसऱ्यात हजारो खऱ्या झाडांची बाग, तिसऱ्यात वरून कोसळणारं पाणी. उणीव काढायचीच तर वॉर्डनिहाय आरक्षणाची सोडत तेवढी निघत नाही.

आता प्रश्न असा की एवढ्या गर्दीच्या जहाजावर माणसांना जायचं असतं का. सभ्य घरांतून या प्रश्नाचं एकच उत्तर येतं: ‘छे! पैसे देऊन कोण जाईल त्या गर्दीत? आम्हांला बापा शांतता लागते.’ उत्तर ऐकायला गोड आहे, पण त्याला पुरावा नाही. क्रूझ कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ साली जगभरातून २.९७ कोटी माणसं क्रूझवर गेली. मग करोना आला, जहाजं बंदरात गंजत उभी राहिली, हा धंदा आता बुडाला असं सगळ्यांनी ठरवलं. आणि २०२४ साली ३.४६ कोटी माणसं गेली. ‘आयकॉन’ला गर्दीने मारलं असतं तर त्याचं जुळं भावंड ‘स्टार ऑफ द सीज’ २०२५ च्या ऑगस्टमध्ये निघालंच नसतं. माणसं शांततेची स्तुती करतात आणि तिकीट गर्दीचं काढतात, एवढं या आकड्यांवरून बेलाशक म्हणता येतं.

खाप्याला हे पटवायला जागतिक संघटनेची गरजही नाही. नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस सावनेरच्या रस्त्यावर उभं राहिलं तरी पुरे. सौंसर, छिंदवाड्यामार्गे पचमढीकडे गाड्यांमागून गाड्या जात असतात, कारण तिथल्या डोंगरात नागद्वारची यात्रा भरलेली असते. यात्रा मध्य प्रदेशात, पण यात्रेकरू मुख्यतः विदर्भातले. पाऊस धो धो, वाटा निसरड्या, कड्यांवर लोखंडी शिड्या, आणि शिडीवर आपल्या डोक्यापाशी वरच्या माणसाचे पाय. लाखो माणसं ही दगदग हौसेने करतात. इतकी गर्दी असेल तर पुढच्या महिन्यात येऊ, असं म्हणणारा भक्त अजून जन्मायचा आहे. गर्दी कमी असली तर तक्रार होते, यंदा जत्रा भरलीच नाही म्हणून. जत्रेत गर्दी हाच माल असतो. ती नसेल तर उरतो नुसता डोंगर, आणि डोंगर पाहायला कोणी घरून पुऱ्या बांधून निघत नाही. महाकाय जहाज ही याच घराण्यातली वस्तू आहे. फरक एवढाच की पुऱ्या जहाजवाले देतात.

इथे कोणी म्हणेल, श्रद्धेची गोष्ट वेगळी. सुट्टीवर जाणाऱ्याला ऐसपैस लागतं. मान्य. पण मोठं जहाज म्हणजे दाटीवाटीचं जहाज, हे गृहीत तरी तपासून पाहा. जहाजाचा आकार ज्या ‘ग्रॉस टनेज’ने सांगतात ते वजन नसतं, जहाजाच्या आतल्या जागेचं माप असतं. ‘आयकॉन’चं ते माप २,४८,६६३. त्याला काठोकाठ भरलेल्या ७,६०० प्रवाशांनी भागलं तर माणशी साडेबत्तीसच्या वर येतं. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ १९९० सालचं. माप ४८,५६३, प्रवासी १,८०० च्या आसपास, म्हणजे माणशी सत्तावीस. आणि ज्या ‘टायटॅनिक’च्या ऐसपैसपणाच्या कथा आजही सांगतात, तिचं सगळं मिळून माप ४६,३२८, आजच्या राक्षसाच्या पाचव्या हिश्श्याएवढंही नाही. भागाकाराने राक्षसच उदार ठरतो. गर्दी जाणवते ती जागा अपुरी पडल्यामुळे नव्हे, सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचते म्हणून: साडेआठला न्याहारी, अकराला तलाव, बंदर आलं की उतरणं. याला मात्र नौकाशास्त्रात उपाय नाही. तलावाकाठच्या आरामखुर्च्यांवर लोक पहाटेच टॉवेल टाकून नाश्त्याला निघून जातात, आणि बेवारस टॉवेल अर्ध्या-पाऊण तासाने उचलले जातील असा नियम कंपन्यांना करावा लागतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाला हा नियम नव्याने समजावून सांगावा लागणार नाही. त्यातून सुटायच्या चार वाटाही त्याला ठाऊक असतील.

उरला समुद्र. या जहाजांवर त्याची अवस्था लग्नघरातल्या लांबच्या मामासारखी झालेली आहे: निमंत्रण असतं, विचारपूस होत नाही. ‘आयकॉन’वर अशाही खोल्या आहेत ज्यांचा सज्जा आतल्या बागेकडे उघडतो. म्हणजे चहूकडे अटलांटिक पसरलेला असताना गृहस्थ सज्जात चहा घेत समोरच्या बिऱ्हाडाचे वाळत घातलेले कपडे बघतो, आणि त्यासाठी बिनखिडकीच्या खोलीपेक्षा जास्त भाडं मोजतो. पुढे बहामात कंपनीचं खासगी बेट लागतं, ‘कोकोके’. सात तलाव आणि सहा घसरगुंड्यांच्या जहाजातून माणसं तिथे उतरतात, ती आणखी उंच घसरगुंड्या आणि आणखी मोठा, गोड्या पाण्याचा तलाव असलेल्या बेटावर. चारी बाजूंनी खारं पाणी आहे, पण त्याचा उपयोग फोटोत निळा रंग यावा एवढाच. समुद्रप्रेमी यावर हळहळतात. मला वाटतं, खाप्याच्या माणसाच्या दृष्टीने हीच या जहाजाची सर्वांत जमेची बाजू. त्याला समुद्राची ना सवय ना ओढ. त्याला हवी ती अशी जागा, जिथे आजीला लिफ्ट आहे, नातवाला घसरगुंडी आहे, जावयाला रुसायला दुसरा मजला आहे, आणि रात्री सगळे एका टेबलावर येतात.

जुनी माणसं इथे कोकणच्या बोटीची आठवण काढतील. मुंबईहून निघायची, हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत जायची. तो खरा समुद्रप्रवास. खरा होताच. कित्येक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. भर लाटांत पोराबाळांसकट, वळकट्यांसकट पडावात उतरावं लागे. डेकवर निम्मी माणसं बोट लागून आडवी, उरलेली त्यांच्यावरून पाय टाकत चाललेली. समुद्राशी इतकी जवळीक साधल्यावर, रस्ता झाल्याबरोबर कोकणी माणूस एसटीत जाऊन बसला, हेही लक्षात घ्यायला हवं. मोठं जहाज मुळातच कमी डोलतं, आणि त्याच्या कुशीला डोलणं आवरणारे पंखही असतात. ज्याचा आयुष्यातला सर्वांत मोठा जलप्रवास रामटेकजवळच्या तलावातल्या नावेत झाला, त्याला हा पंख त्या बागेपेक्षा आणि वीस मजल्यांपेक्षा मोलाचा आहे.

दुसरा आक्षेप असा की लोकांना दुसरं मिळतच नाही म्हणून ते मोठ्या जहाजावर जातात. यात अर्धं तथ्य आहे. एक कप्तान, एक इंजिनघर, एक भटारखाना आणि हजारो खाटा, हा हिशेब मालकाला सोयीचा. पण लहान नौका आहेतच. ‘गंगाविलास’ १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून निघाली, ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटर जाऊन दिब्रुगडला पोचणार होती आणि तिच्यात जागा होती फक्त ३६ प्रवाशांना. ना रांग, ना टॉवेल. भाडं मात्र लाखांच्या घरात, आणि ५१ दिवस छत्तीसच चेहरे. ज्याला हे दोन्ही परवडतं त्याने जरूर जावं. बाकीच्यांनी हे ध्यानात धरावं की आपल्या तिकिटाची किंमत आवाक्यात राहते ती उरलेले ७,५९९ जण इंधनाचा वाटा उचलतात म्हणून. ज्या गर्दीच्या नावाने बोटं मोडतो ती आपली वर्गणीदार असते.

रोगराईचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाच्या बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकवून ठेवलं तेव्हा त्यावर ३,७११ माणसं होती. त्यांतल्या सातशेहून जास्त जणांना लागण झाली. अडकलेल्यांत १३८ भारतीय होते, बहुतेक सगळे कर्मचारी. बिनखिडकीच्या खोलीत दिवसेंदिवस कोंडून पडलेल्या माणसाला माणशी किती टनेज ते सांगून उपयोग नाही. माझ्या सबंध युक्तिवादात हे भोक आहे आणि ते बुजवता येत नाही. एवढंच म्हणता येईल की ते जहाज आजच्या राक्षसांच्या निम्म्याहूनही लहान होतं, तेव्हा दोष आकाराचा कमी आणि बंद दाराचा जास्त.

प्रवाशाला मोठं जहाज हवं असतं, हे एकदा मान्य केलं की खरी अडचण कुठे आहे ते दिसतं. ते ज्याच्या दारात उभं राहतं त्याला नको असतं. ग्रीसमधलं सँटोरिनी बेट घ्या. वस्ती पंधरा हजारांवर थोडी, म्हणजे जवळजवळ खाप्याएवढीच. तिथे भर हंगामात एका दिवसात सतरा हजारांपर्यंत क्रूझ प्रवासी उतरत. जुन्या बंदरातून गावात चढायला पाचशेहून जास्त पायऱ्या, नाहीतर रोपवे, नाहीतर गाढव. आता खाप्याच्या बसस्टँडवर सकाळी नऊला सतरा हजार पाहुणे उतरले अशी कल्पना करा. सगळ्यांना दुपारी चारला परतायचंय, जेवण जहाजावर फुकट असल्यामुळे कोणाला तर्री-पोह्यांची प्लेट नकोय, आणि प्रत्येकाला कन्हानच्या घाटावर त्याच पायरीवर उभं राहून फोटो हवाय. अतिथी देवो भव म्हणणाऱ्या गावाचाही अकरा वाजेपर्यंत धीर सुटेल. सँटोरिनीने २०२५ पासून दिवसाला आठ हजारांची मर्यादा घातली. ग्रीस सरकारने वर भर हंगामात माणशी वीस युरोंचा करही लावला. व्हेनिसने २५,००० टनेजवरची जहाजं १ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या गावाच्या कालव्यातून हद्दपार केली. अलास्कातल्या जुनोनेही २०२६ पासून रोजच्या प्रवाशांवर मर्यादा ठरवली. प्रवासी पाकिटातून मत देतो, गाव मतपेटीतून. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत.

यातून वाट निघते, आणि ती काढून झालेली आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये, बंदरं परक्यांना बंद होती तेव्हा, सिंगापुरातून कुठेच न जाणाऱ्या सफरी सुरू झाल्या. निघायचं, समुद्रात दोन-तीन रात्री फिरायचं, खायचं-प्यायचं, नाचायचं आणि निघालो तिथेच उतरायचं. लोक हौसेने गेले. मुंबईहून कॉर्डेलियाचीही अशी दोन रात्रींची सफर असते, मुंबई ते मुंबई. महाकाय जहाजांनी यापुढे हाच धंदा करावा. ज्या जहाजावर बाग, तलाव, मोहल्ले आणि खाण्यापिण्याची चाळीस ठिकाणं आहेत, त्याने दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहण्याचं कारणच काय? यावर प्रवासी म्हणेल, परत आल्यावर गावात विचारतील की काय काय पाहिलं, तेव्हा सांगायचं काय? पण गावात असं कोणी विचारत नाही. जेवायला काय काय होतं, एवढंच विचारतात, आणि त्याचं उत्तर ‘कुठेच नाही’च्या सफरीतही दीड तास पुरतं.

तेव्हा चौदा नातेवाइकांची मोट बांधून जायचं असेल तर खाप्याच्या माणसाने मोठ्यातलं मोठं जहाज बघावं. खोली आतली, बिनखिडकीची घ्यावी; पैसे वाचतात आणि खिडकीपाशी बसायला तसाही कोणाला वेळ नसतो. लोणच्याची बरणी घरूनच न्यावी, नेऊ देत असतील तर. बुफेला इतरांच्या आधी अर्धा तास जावं, टॉवेलच्या भानगडीत पडू नये. आणि वाटेत सँटोरिनी आलंच, तर जहाजातून उतरू नये. सगळे खाली गेलेले असतात, तलाव रिकामे पडलेले असतात, आणि आरामखुर्ची हवी तेवढा वेळ मिळते.