दर २५ किलोमीटरला एक

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय आहे. अंतर मोजलं, छान झालं. विजेवर चालणाऱ्या ट्रेलरची लांबी कोणी मोजली? चाळीस फुटी कंटेनर ओढणारं धूड मोटारींसाठी आखलेल्या चौकोनात शिरणार कसं? शिवाय २४० युनिटची बॅटरी आणि ६० किलोवॅटचा चार्जर म्हणजे सरळ चार तास मुक्काम. तशी त्यालाही हरकत नाही म्हणा. न्हावाशेवाच्या पार्किंगमध्ये, भिवंडीच्या गोदामांपुढे ट्रक एरवीही तासन्‌तास उभेच असतात. पण केबल तिथे ओढली, तर नकाशावर महामार्गालगत ठिपके कोण देणार? आणि गायमुख घाटात अडकलेल्या ड्रायव्हरला पुढचे २५ किलोमीटर किती चहांचे पडतात, हा तपशील अर्थातच धोरणात बसत नाही.