चौदा नंबरचं दुखणं

मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीत २००१ सालची पांढरी मारुती आठशे उभी असते. मालक बँकेतून निवृत्त झालेले काका. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालं, पाच वर्षांनी पुन्हा झालं, पर्यावरण कर भरून झाला, तरी गाडी विकायचा विषय घरात निघत नाही. मग एका जून महिन्यात डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा दिवा लागला तो विझेचना आणि सकाळी स्टार्ट होताना गाडी कुरकुरू लागली.

पूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीला काय होतंय हे कळायला एक कान पुरायचा. मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि ‘टॅपेट’ एवढंच म्हणायचे. काकांनीही तोच प्रयोग केला. ऐकू आला तो फक्त वरच्या मजल्यावरचा मिक्सर.

काकांच्या आठशेत कंप्युटर आहे, आणि तो तिथे असण्याला थोडा कोर्टाचाही हातभार आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी धुराचे नियम आवळले, १ एप्रिल २००० पासून देशभर नवे नियम आले, २००१ मध्ये मुंबईला त्याच्याही पुढची पायरी चढावी लागली. कार्ब्युरेटरला हे जमणारं नव्हतं. मग एमपीएफआय आलं. कुठल्या क्षणी किती पेट्रोल फवारायचं हे सेन्सरना विचारून ठरवणारी एक डबी गाडीत बसली. कंपन्यांनी मागच्या काचेवर ‘एमपीएफआय’ असं अभिमानाने चिकटवलं. लोकांना त्याचा अर्थ चोक ओढायचा नाही, एवढाच कळला.

काकांचा भाचा अंधेरीला सीप्झमध्ये नोकरीला. त्याने ऑनलाइन काही शे रुपयांचं डोंगल मागवलं. गाडीच्या सॉकेटमध्ये खोचा, फोनवर अ‍ॅप उघडा, गाडी स्वतः सांगेल काय दुखतंय ते. स्टिअरिंगखाली डोकं आणि कंपाउंडमध्ये पाय अशा अवस्थेत त्याने सोळा पिनांचं सॉकेट शोधून काढलं. डोंगलचा लाल दिवा लागला. वॉचमनसह चार जण पुढे सरकले. फोनवर अक्षरं उमटली: ‘अनेबल टू कनेक्ट’.

भाच्याने अ‍ॅप बदललं, मग फोन बदलला. काकांनी डोंगल काढून फुंकर मारली. लाल दिव्याचा अर्थ डोंगलला बॅटरीची वीज मिळाली, एवढाच होता. ओळख अजून व्हायचीच होती.

खोच भाषेत होती. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला सारखं सॉकेट आणि ठरवून दिलेल्या भाषा सक्तीच्या झाल्या. आपल्याकडे ही सक्ती धुराच्या नियमांच्या बीएस-फोर या पायरीबरोबर, म्हणजे एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. आणि गंमत बघा, आठशेने बीएस-फोर गाठलंच नाही. त्याच एप्रिलमध्ये मुंबईसारख्या मोठ्या शहरांतून तिची विक्री थांबली. म्हणजे सगळ्यांना एक भाषा शिकवण्याचे वर्ग सुरू झाले त्याच महिन्यात या विद्यार्थिनीने शाळा सोडली. तिच्या पिढीतल्या कित्येक गाड्यांत सॉकेट ओळखीचं दिसतं, पण पलीकडून बोलणारा फक्त कंपनीच्या स्कॅनरला ओ देतो.

ज्या जुन्या गाड्या ठरलेली भाषा बोलतात, त्यांतल्या बऱ्याच जणींनाही घाई चालत नाही. त्यातल्या एका पद्धतीत स्कॅनर आधी सेकंदाला पाच ठोके या गतीने गाडीचं दार वाजवतो. दहा ठोक्यांची हाक, म्हणजे पुरे दोन सेकंद. मग गाडी एकदम सेकंदाला १०,४०० च्या वेगाने उत्तर देते. ऐकू कमी येणाऱ्या आजीला एकेक अक्षर सुटं करून हाक मारावी आणि तिने वळून पंधरा दिवसांच्या तक्रारी एका दमात सांगाव्यात, तसं. स्वस्त डोंगलांतली कित्येक या सावकाश हाका मारतच नाहीत. त्यांच्यातली चिप बहुधा ‘ईएलएम ३२७’ची नक्कल असते. अनेकांवर ‘आवृत्ती १.५’ लिहिलेलं असतं. मूळ कॅनेडियन कंपनीने या चिपची १.५ आवृत्ती कधी काढलीच नव्हती.

शेवटी एलबीएस मार्गाजवळच्या गॅरेजातले मिस्त्री आले. त्यांच्याकडे ना फोन, ना डोंगल. शर्टाच्या खिशात वीतभर वायर, दोन्ही टोकं सोललेली. त्यांनी बॉनेट उघडलं, डायग्नोसिसचा छोटा कपलर शोधला, त्यातलं एक टर्मिनल वायरने ग्राउंडला जोडलं आणि भाच्याला चावी फिरवायला सांगितली. इंजिन नको, फक्त इग्निशन.

तोच हट्टी दिवा आता लुकलुकू लागला. एकदा. थोडं थांबला. मग भराभर चारदा.

“पाच,” वॉचमन म्हणाला.

“चौदा,” मिस्त्री म्हणाले. “आधी दशक, मग एकक. तीनदा सांगेल, लिहून घ्या.”

काकांनी लिहून घेतलं आणि बँकेच्या सवयीने खाली सहीसुद्धा केली. सुझुकीच्या या जुन्या लिपीत बारा म्हणजे सगळं ठीक. चौदा म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. हा सेन्सर जितका गार तितका त्याचा विद्युतरोध जास्त. वायर तुटली की रोध अनंत, म्हणजे कंप्युटरच्या हिशेबी पराकोटीची थंडी. नव्या गाडीत हेच झालं तर स्कॅनरवर बहुधा उणे ४० अंश दिसतं, कारण त्या भाषेत तापमान ४० मिळवून पाठवतात आणि शून्याचा अर्थ उणे ४० होतो. जूनमधल्या मुलुंडात! कंप्युटरलाही ते पटत नाही. तो सेन्सरवरचा विश्वास काढून घेतो, इंजिन गरम आहे असं धरून चालतो, आणि सकाळी थंड इंजिनाला हवं असलेलं जादा पेट्रोल नाकारतो. कुरकुर त्याचीच.

भाच्याने एव्हाना नवा सेन्सर कार्टमध्ये टाकला होता. मिस्त्रींनी त्याला हाताने थांबवलं. दिव्याने सर्किट म्हटलं होतं, सेन्सर म्हटलं नव्हतं, आणि या दोहोंत वायर नावाची तिसरी वस्तू असते, हे लोक कायम विसरतात. ते बोटांनी वायर चाचपत गेले आणि बॅटरीच्या मागे थांबले. वायर कुरतडलेली होती. शेजारी वडापावचा कागद होता, व्यवस्थित फाडलेला.

जोड, झाळ, वर टेप. कंप्युटरची आठवण पुसायला बॅटरीची निगेटिव्ह तार जरा वेळ काढून ठेवली. मग ती जोडून कपलरला वीतभर वायर पुन्हा लावली. दिवा लुकलुकला: एकदा, थांबून दोनदा. वॉचमन या वेळी बरोबर बारा म्हणाला.

डोंगल आता भाच्याच्या २०१६ च्या गाडीत असतं आणि तिथे उत्तम चालतं. आपल्याकडेही कुणाची त्या काळातली गाडी दिवा लावून बसली असेल, तर डोंगल मागवण्याआधी बॉनेट उघडून वायरी बघा. आणि ती वीतभर वायर कुठल्या टर्मिनलला लावायची, ते मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय लावू नका. मॅन्युअल हरवलं असेल तर मिस्त्रींना चहा पाजा, कंप्युटर बदलण्यापेक्षा तो बराच स्वस्त पडतो.