आधी चहा घ्या

आमच्या धाराशिवकडं जगातल्या भांडणांवर मत नसलेला माणूस सापडणं अवघड. हॉटेलात कट चहाचा ग्लास हाती आला की युक्रेन पाच मिनिटांत मिटतं. बांध मात्र तीन पिढ्या मिटत नाही. मोजणीवाले खुणा घालून गेले की दुसऱ्याच दिवशी नांगराचं एक तास पुन्हा पलीकडं सरकतं. २००७ साली सरकारनं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. गावोगाव समित्या झाल्या आणि अध्यक्ष कोण, यावरून कुठं कुठं नवा तंटा उभा राहिला. काम शांततेचं असलं तरी खुर्ची लागतेच.

बिनखुर्चीची माणसंही होती म्हणा. डिसेंबर १९४९मध्ये शांतिनिकेतनला आणि मग आपल्या सेवाग्रामला देशोदेशीचे शांतिवादी जमले होते. त्याच्या सव्वा वर्ष आधी, १३ सप्टेंबर १९४८ला, भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यातल्या नळदुर्गात शिरली होती. रझाकारांचे दिवस भोगलेल्या आमच्या लोकांच्या हातात तेव्हा कुणी अहिंसेचं पत्रक ठेवलं असतं, तर ते चुलीत गेलं असतं. त्यांचं चुकलं असतं असं मला वाटत नाही.

मला खरी भुरळ घातली ती सतीश कुमार आणि ई. पी. मेनन या दोघांनी. अण्वस्त्रांच्या विरोधात हे पठ्ठे १ जून १९६२ला दिल्लीहून पायी निघाले. निघण्याआधी विनोबांना भेटले. ‘जय जगत्’ म्हणणाऱ्या या गागोद्याच्या म्हाताऱ्यानं सल्ला काय द्यावा? जवळ पैसा ठेवू नका! पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण करत दोघं सोव्हिएत संघात पोचले. तिथं चहाच्या कारखान्यातल्या एका बाईनं त्यांना चार पुड्या दिल्या: मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनच्या साहेबांसाठी. निरोप एवढाच, की बॉम्बचं बटण दाबावंसं वाटलं तर आधी हा चहा करून प्या.

ही बाई आमच्या भागात सरपंच म्हणून सहज निवडून आली असती. भावाभावांत मध्यस्थी करणारा जुना माणूस दुसरं काय करतो? दोघांना समोरासमोर बसवतो आणि ‘आधी चहा घ्या’ म्हणतो. गरम ग्लास ओठाला लावून शिवी देता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

पुढं २०१९च्या ऑक्टोबरात गांधीवादी पी. व्ही. राजगोपाल आणि सोबती ‘जय जगत्’चाच पुकारा करत दिल्लीहून जिनिव्हाला पायी निघाले. वाटेत सेवाग्रामलाही आले. अर्मेनियापर्यंत पोचले आणि कोरोना आडवा आला.

कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्या एका मावशींना मी हे सगळं रंगवून सांगितलं. बॉम्बबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

“एवढं चालले, मग पायाला फोड आले असतील की,” त्या म्हणाल्या. “चपला कुठल्या घातल्या व्हत्या?”